बाबांची ताडपत्री

आत्याचा हात मोडला नसता तर मी गेले नसते. दहा वर्षं ती डोक्यावर तुळस घेऊन गोव्यातल्या साखळीहून पंढरपूरला चालत जाते. यंदा ज्येष्ठात न्हाणीघरात घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि तिने मला पणजीला फोन केला. "तुळस घरात ठेवून कसं होईल गो? तू ने." मी विचारलं, "ते असतील ना?" ती म्हणाली, "असणारच. पखवाज दुसरं कोण वाजवणार?"

ते म्हणजे माझे बाबा. २०१७ पासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आमचं घर डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणीच्या रस्त्यावर. त्या पट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको. दारातल्या तुळशीची पानंसुद्धा तांबडी असत, आई रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची. बाबांचा एक ट्रक होता. खाणीवरून माल भरायचा, मांडवीच्या धक्क्यावर बार्जसाठी ओतायचा, परत फिरायचं. मे २०१२ मध्ये त्यांनी दुसरा ट्रक घेतला. पहिला भरणा त्यांनी ज्या पैशांतून केला, ते आईने माझ्या शिक्षणासाठी ठेवलेले होते. मला पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. फी भरायची वेळ आली तेव्हा मला कळलं. बाबा म्हणाले, "एक वर्ष थांब, दुप्पट करून देतो." सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले, टायर खाली बसले, बँकेची पत्रं येत राहिली. मी पणजीला नोकरी धरली. आईला साखर होती. पैसे वाचवायला ती तपासण्या चुकवत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ती २०१७ मध्ये गेली. बाराव्याला, पान वाढलेलं असताना, सगळ्या भावकीसमोर मी बाबांना म्हटलं, "तुमच्या ट्रकांनी आईला खाल्लं." ते पानावरून उठले नाहीत. जेवले. त्याचाही मला राग आला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या आणि आषाढात बाबा पहिल्यांदा वारीला गेले. हे मला आत्याकडूनच कळत असे.

विठ्ठलापूरच्या देवळातून आम्ही निघालो तेव्हा पाऊस असा होता की वाळवंटी नदीचं पाणी तांबडंलाल झालं होतं. आरती झाली, आणि मग ते झालं ज्याची मला आधीपासून भीती होती. सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. सत्तरीची म्हातारी शाळकरी पोराच्या पाया पडते, पोरगा तिच्या. बाबा रांगेतून एकेकाला वाकत येत होते. केस पूर्ण पांढरे झालेले. माझ्यापाशी आले, वाकले, दोन्ही हातांनी माझ्या पायांना शिवले, "माउली" म्हणाले आणि पुढच्या बाईपाशी गेले. क्षणभर थांबलेसुद्धा नाहीत.

मी त्यांच्या पाया पडले नाही. डोक्यावर तुळस होती हे कारण मी स्वतःला दिलं. तुळस घेतलेल्या बाकीच्या बायका तर वाकत होत्या.

त्या दिवसभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आमच्याकडे घरात कोंकणी आणि देवापुढे मराठी. भजन मराठीत, पोथी मराठीत, लग्नपत्रिका मराठीत. भांडण कोंकणीत, लाड कोंकणीत. आई गेली तेव्हा रडलो ते कोंकणीत. बाबांनी मला देवाच्या भाषेत हाक मारली होती. 'माउली' ते सगळ्यांनाच म्हणतात, समोर कोणीही असो. मला ते नको होतं. मला 'बाय' हवं होतं, लेकीला मारतात ती हाक. त्यांनी मला ओळखून, मी कोण आहे आणि त्यांनी माझं काय केलं हे लक्षात ठेवून वाकायला हवं होतं. टाळ वाजत होते, ज्ञानोबा माउली तुकारामचा गजर चालला होता, आणि मी तोंडाने म्हणत होते, आत मात्र नुसता हिशेब चालला होता.

पर्ये. केरी. रात्री केरीला मुक्काम.

तिथे मी ती ताडपत्री पाहिली. पखवाज भिजू नये म्हणून बाबांनी त्याला जाड निळी खोळ शिवून घेतली होती. कडेला पितळी भोकं, त्यांतून ओवलेला दोर. ट्रकाची ताडपत्री कापून केलेली. निळ्यावर तांबडे डाग अजून तसेच. खाणीची माती धुतली तरी जात नाही. आईने किती वेळा नदीवर ती ताडपत्री आपटून धुतली होती, मी स्वतः दुसरं टोक धरलं होतं. मला ती बघून रडू यायला हवं होतं. पण मला संतापच आला. त्या ट्रकाचं एक चिंधूकसुद्धा मला कुठे बघायचं नव्हतं, आणि यांनी ते देवाच्या वाद्याला गुंडाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट.

नवीन सँडल घालू नकोस असं आत्याने दहादा बजावलं होतं. तरी मी घातले होते, पावसाळी म्हणून विकतात तसले. अंजुणे धरणाचं पाणी मागे पडलं, चढ सुरू झाला आणि डाव्या टाचेला आधी नुसतं चुरचुरलं. दुसऱ्या वळणावर फोड आला. चौथ्या वळणापर्यंत तो टाचेभर झाला होता, करंगळीजवळ दुसरा. ओली कातडी सुरकुतून पांढरी पडली होती, पट्टा प्रत्येक पावलाला तिच्यावर घासत होता. सँडल काढले तर खडी टोचे. बायकांनी चार उपाय सांगितले: रॉकेल लाव, हळद लाव, फोडून टाक, अजिबात फोडू नको. दिंडीची गाडी मागून आली, आतल्या माणसाने दार उघडलं. मी बसले नाही. पुढे वीस पावलांवर पखवाज होता आणि तो वाजवणारा माणूस एकदाही मागे बघत नव्हता. गाडीत बसून त्यांच्या शेजारून जायचं नव्हतं मला. यात भक्ती काही नव्हती, हट्ट होता.

मग दिंडी पुढे गेली. टाळांचा आवाज धुक्यात शिरला, पातळ होत गेला आणि पाण्याच्या आवाजात मिसळून गेला. चोर्ल्याच्या पावसात डोंगराची प्रत्येक घडी वाहत असते, कुठलं पाणी आभाळातलं आणि कुठलं कड्यावरचं ते समजत नाही. मी कठड्याला टेकून उभी राहिले. डोक्यावर तुळस, एक पाय उचललेला. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. आईच्या बाराव्यालाही नाही, तेव्हा रागाची सोबत होती.

बेळगावहून भाजी घेऊन गोव्यात उतरणारे टेंपो त्या घाटाने रात्रंदिवस येतात. तसाच एक थांबला. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्यावर टॉवेल. "काय झालं, बाई?" मी पाय दाखवला. त्याने माझ्या डोक्यावरची तुळस उतरवून आधी केबिनमध्ये सीटवर नीट ठेवली, तिच्याभोवती आपला टॉवेल लावला हलू नये म्हणून, मग मला म्हणाला, "बसा की हितं." मी पायरीवर बसले. वर उघडं दार, त्यामुळे पाऊस लागत नव्हता. कोबीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास येत होता.

त्याने शर्टाच्या कॉलरमागे टोचून ठेवलेली सुई काढली. काडी ओढली, वाऱ्याने विझली, दुसरी ओढली, तीही विझली. चौथीवर सुईचं टोक काळं झालं. पांढरा दोरा ओवला. माझी टाच त्याने आपल्या गुडघ्यावर घेतली आणि फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली, इतकी हलकी की मला फक्त गार पाणी टाचेवरून ओघळलेलं कळलं. दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोकं कापली. "दोरा काढू नका. त्याच्यावाटे पाणी जातंय. कातडं सोलायचं नाही." करंगळीचंही तसंच केलं. बाटलीतलं खोबरेल लावलं. मग सीटखालून एका पिशवीतून धुतलेले, घडी घातलेले सुती मोजे काढले आणि स्वतःच माझ्या पायात चढवले, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. सँडलचा मागचा पट्टा चाकूने कापून टाकला. मी विचारलंसुद्धा नाही, तरी म्हणाला, "आमची आई जायची. अठरा वर्षं गेली."

मी पैसे काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात तो खाली रस्त्यावर, वाहत्या पाण्यात, दोन्ही गुडघे टेकून माझ्या पाया पडला. "माउली," म्हणाला. कपाळ माझ्या पिशवी बांधलेल्या पायाला लागलं.

मी त्याच्याही पाया पडले. माझ्या मनात कसली शंकाच आली नाही. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, त्याला माझं नाही, आणि त्या एका शब्दाने मला आतून भरून आलं. टेंपो खाली वळणाआड गेला, त्याचे लाल दिवे धुक्यात दिसेनासे झाले, तेव्हा मला एकदम जाणवलं की आदल्या दिवशी हाच शब्द मी नाकारला होता. हा माणूस माझं काही देणं लागत नव्हता म्हणून त्याचं वाकणं मला पटलं. बाबा देणं लागत होते, म्हणून त्यांचं वाकणं मी चलनात धरलंच नाही.

पण हे कळल्याने राग गेला असं झालं नाही. उरलेला घाट मी चढले तो विठ्ठलाचं नाव घेत आणि मधूनच बाबांशी मनात भांडत.

कणकुंबीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. तिथे देवीचं नावच माउली. मलप्रभा तिथेच उगम पावते. बाकीचे तीर्थावर हातपाय धूत होते. मी देवळाच्या कडेला भिंतीला पाठ लावून बसले, पिशवी सोडली. बाबा समोरून आले. हातात ती निळी खोळ होती, पाणी झटकत होते. थांबले. माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाय, पांय दाखय."

आठ वर्षांनी. मी पाय पुढे केला. ते खाली बसले, ताडपत्री घडी करून जमिनीवर घातली आणि माझी टाच तिच्यावर ठेवली, फरशी गार होती म्हणून. मोजा काढला. दोरा बघितला. "कोणें घालो?" मी सांगितलं. "बरो घाला," म्हणाले. मग आवाज चढला. गाडी होती तर बसली का नाहीस, एवढा घाट अशा पायांनी चढतात काय, काही झालं असतं तर मी तुझ्या आईला काय सांगणार होतो. मीही आवाज चढवला. देवळात दिवा लावणारी बाई वळून बघू लागली. आम्ही दोघं भर देवळात भांडत होतो, कोंकणीत, आणि माझी टाच त्यांच्या हातात होती, ती त्यांनी सोडली नव्हती.

जांबोटी, बेळगाव, मिरज. दिवस एकात एक मिसळले. कधी सकाळचा काकडा आठवतो तर गाव आठवत नाही. घाटमाथा सोडला तसा पाऊस मागे राहिला, सांगोल्याकडे तर जमीन कोरडी आणि आभाळ केवढं तरी. आम्ही फार बोललो नाही. ते पुढे, मी बायकांत. दुपारच्या विसाव्याला ते पाय बघून जात, बस.

बोलले ते अशाच एका दुपारी, शेजारी चालताना, समोर रस्त्याकडे बघत. "ते पयशे तुजे आशिल्ले." तो पैसा तुझा होता. एवढंच. थोडं थांबून म्हणाले, दुसरा ट्रक भंगारात दिला तेव्हा ताडपत्री तेवढी काढून ठेवली, आई धुवायची म्हणून. मी म्हटलं, "बाराव्याला मी बोलले ते..." त्यांनी हात वर केला. पुढचं मला बोलू दिलं नाही. ते मला अजून बोलायचं आहे. त्यांना ते ऐकायचं नाही, की ऐकवणार नाही, ते मला कळलेलं नाही. पुढच्या गावापर्यंत आम्ही गप्प चाललो, आणि मला पुन्हा थोडा रागच आला.

६ जुलैला एकादशी. गर्दीत आम्हाला कळसाचंच दर्शन झालं. चंद्रभागेच्या वाळवंटात पुन्हा सगळे एकमेकांना वाकले. बाबा माझ्यापाशी आले तेव्हा तुळस मी आधीच खाली ठेवली होती. दोघं एकदमच वाकलो, डोक्याला डोकं लागलं.

श्रावणात गावच्या देवळात भजनी सप्ताह असतो. मी घरी गेले. अंगणात जिथे ट्रक उभे असत तिथे आता गवत माजलंय, एक टायर तेवढा पडलाय, त्यात आत्याने झेंडू लावलाय. बाबांनी पखवाज मांडीवर घेतला, शाईची बाजू ठोकून पाहिली आणि आत बघून म्हणाले, कणीक मळून आण. डाव्या पुडीला लावायला. हे काम आईचं असे. परात तिच्याच जागी पालथी होती. मी पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं, गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी दाबून पाहिला आणि परत माझ्यापुढे धरला.

"घट जाल्या. उदक घाल मात्शें."