गोल्फचे आयर्न (पोलादी डोक्याच्या काठ्या) बदलायचे का?
आज येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर मित्राचे मिझुनो या जपानी कंपनीचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न मारून पाहिले, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. सेव्हन आयर्नचा एक फटका बरोब्बर मधोमध बसला. हाताला झिणझिण्या नाहीत, नुसता दबका, भरीव आवाज. हिरोशिमात घडवलेलं मऊ कार्बन स्टील! माझ्या कास्ट (ओतीव) सेटमधून चांगला बसलेला फटकाही टणक वाजतो. फील म्हणजे बराचसा आवाजच, असं जाणकार सांगतात, आणि मला ते पटतं. पण टोकाला लागलेला चेंडू माझा रुंद तळाचा कॅव्हिटी बॅक (डोक्याच्या मागे पोकळी असलेला आयर्न) सांभाळून घेतो, ते कसं सोडू? आधी दोन्हींना सारखेच शाफ्ट (दांडे) लावून मारून बघणार. मन मात्र फोर्ज्डकडे झुकलंय. कुणी असा बदल केला असेल तर पावसाळी ओल्या गवतातला अनुभव जरूर सांगा.