सो, सो आणि बेल

मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने इंग्रजीच्या वहीत लिहिलं, की बाबा सोयाबीन 'सो' करतात आणि आई ब्लाउज 'सो' करते. दोन्हीकडे स्पेलिंग एकच, एस-ओ-डब्ल्यू. म्हणजे आईही पेरतच होती. मी लाल पेनाने गोल केला, तर ती म्हणाली, "मॅडम, आयकाले तं सारखंच येते. मंग दोन कायले लिवाचं?"

प्रश्न खरा होता. मी फळ्याकडे बोट दाखवलं. "याचा रंग कोणता?" "काया." "आन् अभंगातली काया?" "ते तं शरीर." आमच्या वऱ्हाडीत ळचा य होतो, त्यामुळे काळा आणि काया कानाला एकच. बोलताना कुणाचं अडत नाही. लिहिताना मात्र अक्षर बदलावं लागतं, तसंच हे.

शिवायचं 'सो' एस-ई-डब्ल्यू. ते तर आपल्या शिवणाचंच नातलग आहे. संस्कृतातला सीव् धातू आणि हा इंग्रजी शब्द एकाच जुन्या मुळातून आले. मधला ई दिसला की 'शिवण' आठवा, असं मी सांगितलं.

अशा जोड्यांची यादी पाठ करायला देणं मला अजिबात पटत नाही. शब्द आपापल्या जागी ठेवून दाखवावा लागतो. दारव्ह्याकडे कापूस सगळ्यांच्या घरचा, म्हणून मी 'बेल' घेतला. जिनिंगमधून रुईची 170 किलोची गाठ बांधून निघते, ती बी-ए-एल-ई. कोर्टातला जामीन बी-ए-आय-एल; त्याचं मूळ लॅटिनमध्ये ओझं वाहणाऱ्या हमालाच्या शब्दात आहे. जामीन राहणारा दुसऱ्याचं ओझं घेतोच की! हे दोन्ही इंग्रजीत अगदी एकसारखे उच्चारतात. शाळेची घंटा मात्र वेगळी, तिचा ए आखूड. पण मुलं शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात आणि तिथे गाठ, जामीन, घंटा, तिन्ही 'बेल' होतात. वर महादेवाला वाहायचा बेल आहेच. ती देवनागरी ओळ मी आता खोडायला लावते. त्याऐवजी शेजारी चित्र काढा म्हणते.

सोमवारी तीच मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. पानावर दोन 'वीक' होते. दोन ईवाल्याशेजारी बाजाराची थैली, कारण आमचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो. ई-एवाल्याशेजारी खाटेवर निजलेली तिची आजी.