लिंबू लावू की सक्युलंट? तुम्ही विचारलंत म्हणून

झाडांचा विषय निघाला की थोड्या वेळात कोणीतरी विचारतंच, "एकच कुंडी ठेवायचीय, लिंबाचं झाड आणू की एखादं सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड? सोपं कुठलं?" आणि मी घाईत म्हणून जाते की सक्युलंट आण, पाणी कमी लागतं. हे उत्तर अर्धवट आहे ते मला बोलतानाच कळत असतं, म्हणून आज सगळं नीट लिहून टाकते.

माझ्याकडे सुरुवातीला दोन्ही शेजारी शेजारी होती, कलमी लिंबू आणि जेड नावाचं सक्युलंट. दोघांना दर रविवारी झारीने पाणी द्यायचे, सारखंच. जेड दोन महिने मस्त दिसत होतं, टवटवीत, चकचकीत, आणि मग एका आठवड्यात खालची पानं पिवळट पारदर्शक झाली, बोट लागलं तरी गळायला लागली, खोड बुडाशी दाबलं तर मऊ. उपटून बघितलं तर मुळं काळी पडून सुटत होती. म्हणजे ते आतून कधीच सडायला लागलं होतं आणि पानांत साठवलेल्या पाण्यावर वरून ठीक दिसत राहिलं होतं. सक्युलंटचं हे फार कठीण असतं, ते उशिरा सांगतं. तहान लागली तर तरी पानं सुरकुततात, हाताला मऊ लागतात, आणि पाणी दिलं की दोनचार दिवसांत भरतात, पण पाणी जास्त झालं हे कळेपर्यंत बहुतेक वेळा मुळं गेलेली असतात.

लिंबाचं उलटं. ते लगेच सांगतं आणि जरा जास्तच सांगतं. एकदा मी काही दिवस बाहेर होते, कुंडी ठणठणीत वाळली, आल्यावर बघते तर पानं आत वळलेली. भरपूर पाणी दिलं, पानं सरळही झाली, आणि दोन दिवसांनी पानांचा सडाच पडला, चांगली हिरवी पानं हो! मला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून मी पाणी बंद केलं, आणि ती खरी चूक होती. नंतर वाचून कळलं की लिंबूवर्गीय झाडांत पाण्याच्या ताणाच्या काळात मुळांमध्ये एक द्रव्य साठतं, पाणी मिळालं की ते वर पानांकडे जातं, तिथे त्याचं इथिलीन, म्हणजे पानं गळवणारा वायू होतो आणि देठ सुटतात. म्हणजे कोरड पडते आधी आणि पानगळ दिसते पाणी दिल्यावर. हे माहीत नसलं की माणूस नेमकं उलटं करतो. नशिबाने फांदीची साल नखाने खरवडली तर खाली हिरवी होती, मग नियमित पाणी सुरू केलं, काही आठवड्यांनी नवी पालवी फुटली आणि तिच्यासोबत कळ्यापण आल्या. ताण देऊन पाणी सोडलं की बहार येतो, बागायतदार मुद्दाम करतात ते, पण कुंडीत हा प्रयोग करू नका, कुंडीतली माती फार पटकन वाळते आणि अंदाज चुकतो.

तर पाण्याचं माझं आत्ताचं गणित असं: लिंबाची वरची दोन बोटं माती कोरडी लागली की खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी, आणि सक्युलंटची कुंडी तळापर्यंत वाळली की मगच, तेही भरपूर, उगाच रोज चमचा चमचा नाही. ठरलेल्या वाराचा हिशोब दोघांनाही चालत नाही, कारण ऊन, वारा, कुंडीचा आकार सगळं बदलत असतं.

आता मला ह्यातली सगळ्यात आवडती गोष्ट. लिंबू आंबट असतं हे सगळ्यांना माहीत आहे, सायट्रिक आम्ल, शेले नावाच्या केमिस्टने 1784 मध्ये लिंबाच्या रसातूनच ते स्फटिकरूपात वेगळं केलं. पण सक्युलंटपण आंबट असतात, फक्त रात्रीपुरते! बहुतेक सक्युलंट पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतात, नाहीतर उन्हात सगळं पाणी उडून जाईल, आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद ठेवून त्याच साठ्यावर प्रकाशात अन्न बनवतात. बेंजामिन हायने नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने पानफुटीचं (तेही सक्युलंटच) पान चावून बघितलं होतं, सकाळी आंबट आणि दुपारी बेचव, त्याचं टिपण 1815 मध्ये छापलं गेलं. (तुम्ही चावून बघू नका, पानफुटीत आणि बऱ्याच सक्युलंटमध्ये विषारी द्रव्यं असतात.) लिंबाची पानं मात्र दिवसा छिद्रं उघडी ठेवून काम करतात, म्हणजे उन्हात पाणी सतत उडत राहतं, म्हणून त्याला तहान जास्त. मला हे कळलं त्या दिवसापासून झारी हातात घेताना दोघांकडे सारखं बघताच येत नाही.

ह्याच कारणाने सक्युलंट सावकाश वाढतं. एका रात्रीत साठवता येईल तेवढंच आम्ल, तेवढंच दुसऱ्या दिवशीचं अन्न. त्याला लवकर मोठं कर म्हणून खत ओतलं तर ते लिबलिबीत वाढतं आणि मोडतं. लिंबू उलट खादाड आहे, नायट्रोजन तर लागतोच, शिवाय लोह, जस्त, मॅग्नेशियम. पानं पिवळी पडली की कुठली पडली ते आधी बघा. जुनी पानं सरसकट फिकी होत असतील तर बहुधा नायट्रोजन कमी, नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. दरवेळी मातीत लोह नसतं असं नाही, माती किंवा पाणी अल्कधर्मी असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, आणि अशा वेळी नुसतं खत वाढवून काही होत नाही.

माती दोघांनाही निचऱ्याची लागते, फक्त सक्युलंटच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त पर्लाइट (पांढरे हलके दाणे) किंवा जाडी वाळू घाला. कुंडी बदलली की लिंबाला लगेच पाणी, सक्युलंटला चारपाच दिवस थांबून, तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळू देत.

अजून एक, लिंबाच्या कलमाच्या जोडाखालून जोमदार फूट आली तर खूश होऊ नका, ती खालच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाची असते, लगेच काढा, नाहीतर काही वर्षांनी कलम मरतं आणि खुंटाचंच झाड हातात राहतं. बियांपासून लावलं तर फळाला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर काटेच काटे. सक्युलंटला असं काही नसतं, माझ्या त्या सडलेल्या जेडचा वरचा शेंडा मी निरोगी भागात कापला, आठवडाभर सावलीत वाळवला, कोरड्या मिश्रणात खोचला, आणि आज माझ्याकडे जे जेड आहे ते तोच शेंडा आहे. लिंबाच्या एखाद्या पानापासून असं झाड मिळत नाही.

किडींचं थोडक्यात, मिलीबग, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, दोघांवर येतो, देठांच्या बेचक्यात बघत जा. लिंबावर शिवाय पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, ती फुलपाखराची असते, डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं काढून वास सोडते. मी ती ठेवते, झाड मोठं असेल तर चार पानं गेली तरी चालतात.

मग सोपं कुठलं? ज्याला रोज झाडाजवळ जाऊन हात लावल्याशिवाय करमत नाही त्याने लिंबू घ्यावं, माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या हातात सक्युलंट टिकत नाही. जो पंधरा दिवस विसरू शकतो त्याने सक्युलंट घ्यावं. पण ह्याच्याही आधी ऊन. लिंबाला 6 ते 8 तास थेट ऊन नसेल तर फळांची आशाच सोडा, आणि सक्युलंटपण कमी उजेडात लांबुळकं होतं, मग तो ताणलेला भाग परत आखूड होत नाही. हॉवर्थियासारखी काही मात्र कमी उन्हात चालवून घेतात. तेव्हा एक दिवस घरी बसून तुमच्या खिडकीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते लिहून ठेवा, आणि ते आकडे घेऊन या, मग कुंडी केवढी घ्यायची ते सांगते.