सांताक्रूझची कासवं आणि त्यांची भावकी

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांपैकी बाल्ट्राच्या विमानतळावर राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्काचे माणशी २०० डॉलर रोख मोजताना जीव कासावीस झाला होता. गालापागोसचे समुद्रसिंह, इग्वाना, बोटीचे हेलकावे यांबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन. मनात रुतून बसलीय ती सांताक्रूझ बेटाच्या डोंगरउतारावरची एकच सकाळ.

दाट धुकं, भुरभुर पाऊस. ओल्या गवतात एक महाकाय कासव चरत होतं. जबड्यात गवत धरायचं, मान मागे ओढायची, की कर्रर्र आवाज. मी ठरलेलं अंतर राखून उकिडवा बसलो, तरी त्याला चाहूल लागलीच. डोकं झटकन आत गेलं आणि छातीतली हवा फुस्सकन बाहेर आली. घुमटासारख्या पाठीवर चिखलाचे पोपडे धरले होते.

गाईड म्हणाला, "बेटाच्या पूर्वेला सेरो फताल आहे. तिथलीही कासवं अशीच दिसतात, पण प्रजाती वेगळी."

२०१५ पर्यंत दोन्ही एकच समजली जात. मग डीएनए तपासला, तेव्हा पूर्वेकडच्यांचं जवळचं नातं निघालं ते समुद्रापलीकडच्या सान क्रिस्तोबाल बेटावरच्या कासवांशी. म्हणजे एकाच बेटावरचे शेजारी लांबच्या नात्यातले आणि सख्खी भावकी पाण्यापलीकडे! नव्या प्रजातीचं नाव केलोनोइडिस डॉनफाउस्तोई. कासवांच्या देखभालीत चाळीसहून जास्त वर्षं घालवलेल्या फाउस्तो येरेना यांच्यावरून ठेवलेलं. किती रास्त नाव!

नुसत्या रूपावरून नातं जोडायला गेलं की फसगत होते, हे मला तिथे पटलं. ओल्या, हिरव्या उतारांवर खाली मान घालून चरणाऱ्यांची पाठ घुमटासारखी. कोरड्या बेटांवर उंच निवडुंगापर्यंत पोचावं लागतं, तिथे कवच मानेपाशी खोगिरासारखं वर उचललेलं. रूप बेटाच्या हवापाण्यानं घडतं, नातं मात्र वंशावळीतच सापडतं. या सगळ्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून वाहत आले. मुख्य भूमीवर आज त्यांचं सर्वांत जवळचं नातेवाईक म्हणजे चाको कासव, तेही आकारानं लहानखुरं. बेटं सुटी, मधे समुद्र, त्यामुळे प्रत्येक बेटावरचं कुळ आपापल्या वाटेनं बदलत गेलं.

मला तासभर बसायचं होतं. वीस मिनिटांत शिट्टी झाली, सगळे फोटो काढून बसमध्ये. इतक्या लांब येऊन इतकी घाई कशाची, याचा राग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी पुएर्तो आयोराच्या संशोधन केंद्रात लोनसम जॉर्जला पाहिलं. पिंटा बेटाचं शेवटचं कासव, २४ जून २०१२ ला गेलं. खोगिरासारखं कवच, उंच ताणलेली मान, सगळं जपून ठेवलेलं. त्या काचेसमोर मला बोलवेना. शेवटी माघारी वळलो. बाहेरच्या कुंपणात तळहाताएवढी पिल्लं होती, प्रत्येकाच्या पाठीवर रंगानं आकडा घातलेला. एक पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवरून चढून पानाकडे निघालं होतं.