समुद्रफेनापासून हाडाच्या सांगाड्यापर्यंत : आमची वाटचाल

हाडातली पोकळी भरण्यासाठी समुद्री जीवाचा सच्छिद्र सांगाडा वापरायचा, या कामाचा पाया प्रवाळावर घातला गेला. डेला रॉय आणि लिनेहान यांनी १९७४ मध्ये प्रवाळाच्या कॅल्शियम कार्बोनेटचं हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे हाडातल्यासारखं खनिज केलं, तेही छिद्रांची रचना न मोडता. आपल्याकडे दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. म्हणून आम्ही माकुलाच्या पाठीतलं कवच धरलं. काष्ठौषधींच्या दुकानात ते समुद्रफेन म्हणून मिळतं. बंदरावर माकूल साफ करताना ते टाकूनच देतात. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे मेअखेर साठा धुऊन वाळलेला हवा. माकुलाच्या यकृतात कॅडमियम हा विषारी जड धातू साठतो, म्हणून आतड्यांत भिजत पडलेलं कवच आम्ही घेत नाही.

कठीण पाठ काढून आतला पापुद्र्यांचा भाग कापायचा. दोन पापुद्र्यांमधलं अंतर साधारण २०० ते ६०० मायक्रॉन असतं आणि मध्ये पातळ भिंती असतात. हाडाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायला एवढी जागा पुरते. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून कायटिनचा पडदा घालवायचा, मग उकळत्या पाण्याने वारंवार धुवायचं. इथे घाई नको. हायपोक्लोराइट उरलं आणि पुढे अमोनियमचं मीठ पडलं, तर क्लोरामाइनचा विषारी वायू होतो.

नंतर कार्बोनेटचं ॲपेटाइट करायचं. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे : १०० ग्रॅम तुकड्यांना ७९ ग्रॅम डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट, १ लिटर पाण्यात. शेतकऱ्यांचं डीएपी हेच, पण खताच्या प्रतीचं चालत नाही, कारण खनिज फॉस्फेटबरोबर त्यात कॅडमियम येऊ शकतं. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या बंद भांड्यात, दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता, २०० अंश सेल्सिअसला २४ ते ४८ तास ठेवायचं. नुसत्या पाण्याच्या वाफेचाच दाब १५ बारच्या वर जातो. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियाची भर. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त मेहनत तुकड्याच्या गाभ्यावर घेतली. समुद्रफेन तरंगतं, कारण त्याच्या कप्प्यांत हवा असते. ती निर्वात पंपाने काढून द्रावण आत शिरवलं नाही, तर बाहेरून माल तयार दिसतो आणि मधोमध ॲरागोनाइट, म्हणजे कवचाचं मूळ कार्बोनेट, तसंच राहतं. वजनावरून हे कळत नाही : १,००१ ग्रॅम कार्बोनेटचं १,००५ ग्रॅम ॲपेटाइट होतं, फरक जवळजवळ शून्य. म्हणून प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी भांड्यात घातलेल्या मालातला, एक तुकडा उभा चिरून गाभ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. फसफसलं म्हणजे कार्बोनेट उरलं, मग तो घाणा परत भांड्यात. शंका राहिली तर क्ष-किरण विवर्तन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी : ॲरागोनाइटची रेघ २६.२ अंशांवर, ॲपेटाइटची ३१.८ वर. हा गाभा तसाच भट्टीत गेला तर त्याचा कळीचा चुना होतो, ओलावा लागताच फुगतो आणि तुकडा फुटतो. शरीरात असा चुना आजूबाजूची ऊती जाळेल.

ताकद ही खरी मर्यादा आहे. एवढा पोकळ तुकडा मांडीच्या हाडाचा भार पेलणार नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विरणाऱ्या प्लास्टिकचा पातळ लेप दिला की तो हाताळताना भुगा होत नाही, एवढंच. दात काढल्यावरची खाच किंवा प्लेटने आधार दिलेली पोकळी, हीच त्याची जागा. शिवाय पापुद्रे आडवे बंद असतात, वाट फक्त त्यांच्यामधून. पापुद्र्यांच्या उघड्या कडा जिवंत हाडाला टेकल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक ठोकळ्याच्या वेष्टनावर आम्ही दिशेचा बाण छापतो.

सध्या ठोकळे आणि दाणे फक्त संशोधनासाठी देतो. रुग्णांसाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली केंद्राचा परवाना लागतो, त्याआधी आयएसओ १०९९३ च्या जैवसुसंगतता चाचण्या. जड धातूंच्या मर्यादा आत्ताच पाळतो : आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५, शिसं ३० पीपीएमच्या आत. प्रत्येक घाण्याचा अहवाल मालासोबतच जातो.