नऊशेच्या कपाटातला कंडक्टर

निर्लेखनाचं, म्हणजे जुनी पुस्तकं बाद करायचं काम ग्रंथालयात कुणालाच आवडत नाही. नेरूळच्या आमच्या वाचनालयात ते माझ्या गळ्यात पडतं, कारण ग्रंथपाल मी आणि शिपाई दादा, असे आम्ही दोघंच. डेट स्लिपवर बरीच वर्षं शिक्का नाही, पुस्तक खिळखिळं झालंय, की ते यादीत. समितीची मंजुरी मिळाली की दाखल-नोंदवहीत लाल रेघ आणि पुस्तक रद्दीत. जागेचं रडगाणं आमच्याकडे बारमाही आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका वाढवून हवी आणि भिंतीला तर कपाटं.

यंदा पाळी नऊशेच्या कपाटांची, म्हणजे इतिहासाची. शिवकाल, पेशवाई तिथे कधी स्वस्थ बसत नाहीत. पण सगळ्यात खालचा खण म्हणजे कुणा देणगीदाराची कृपा: हैतीतल्या गुलामांचं 1791 चं बंड, दक्षिण आफ्रिका, अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा. स्लिपा कोऱ्याकरकरीत. मी दाखल क्रमांक वाचत होते, दादा पुस्तकं बाजूला रचत होते.

अमेरिकेचं जाडजूड पुस्तक हातात आलं आणि ते आपसूक मधोमध उघडलं. न वाचलेलं पुस्तक असं उघडत नाही. पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, पाठीची शिवण सैल, आणि आत खुणेला तिकीट मशीनच्या रोलचे तुकडे. रोल संपत आला की कागदावर गुलाबी रेघ येते ना, ते टोक. असे चार-पाच तुकडे निघाले.

"हे परिवहनच्या काकांचं काम," दादा म्हणाले. "रोज अकराला येतात, खाली बसूनच वाचतात. सभासद नाहीत."

काका त्या दिवशीही आले. निवृत्त कंडक्टर, मूळ गाव उरणकडचं. यादीतलं पुस्तक टेबलावर बघून त्यांचा चेहरा जरा उतरला. मी विचारलं, घरी का नेत नाही? अनामत फार नाही आमची. म्हणाले, "घरी टीव्ही असतो, नातू असतो. आणि मॅडम, हे एका दमात वाचायचं पुस्तक नाही. दोन पानं वाचली की डोकं फिरतं."

मग त्यांनी मला ते पुस्तक कंडक्टरच्या नजरेनं समजावलं. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातला काळ्यांचा बस बहिष्कार मला माहीत होता तो इतकाच: 1 डिसेंबर 1955, रोझा पार्क्स ही काळी बाई गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही. काकांना बसच्या आतलं सगळं दिसत होतं. पुढच्या दहा सीटा गोऱ्यांना राखीव. काळ्या उतारूनं पुढच्या दारानं चढून पैसे टाकायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं पुन्हा चढायचं. "आणि तेवढ्यात ड्रायव्हर गाडी मारायचा! पैसे घेऊन पॅसेंजर रस्त्यावर. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी डेपोत मोर्चा." त्या दिवशी उभा होता एकच गोरा माणूस, पण एका ओळीत दोघांनी बसायचं नाही म्हणून चौघांना उठायला सांगितलं. "एका उतारूला चार सीटा?" हे त्यांना भेदभावाइतकंच गैरव्यवस्थापन वाटत होतं. कंडक्टर नव्हताच, ड्रायव्हरच पैसे घेणार, आणि कोण कुठे बसणार यासाठी पोलिसाचे अधिकारही त्यालाच. यावर काका बराच वेळ मान हलवत राहिले.

त्यांना खरा रस पुढच्या 381 दिवसांत होता. तीन-चतुर्थांश उतारू काळे आणि तेच बंद. मग लोक कामावर गेले कसे? टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, 10 सेंटला माणसं नेली. पालिकेनं किमान भाडं 45 सेंटचा नियम दाखवला. लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, थांबे ठरवले. विमा कंपन्यांनी त्या गाड्यांचा विमा तोडला, तेव्हा तो लंडनच्या लॉइड्सकडे उतरवला. "म्हणजे यांनी दुसरी परिवहनच चालवली," काका म्हणाले. "भाषणं सगळे सांगतात. शेड्यूल कुणी लावलं ते सांगा." मला तर वाटतं, आमच्या पाठ्यपुस्तकांत हेच कधी येत नाही. 15 वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला त्याच वर्षी मार्चमध्ये सीट न सोडल्याबद्दल अटक झाली होती, हेही मला काकांकडून कळलं.

मी विचारलं, हेच पुस्तक का? ते म्हणाले, "1984 साली मी तिकडेच होतो." जानेवारीतले ते दोन दिवस, जासई आणि नवघर, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी उठलेली माणसं, गोळीबारात गेलेले पाच जण. त्या लढ्याचे नेते दिबा पाटलांचं नाव आमच्याकडे लहान पोरंही घेतात आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड त्या लढ्यातून मिळाले हेही सगळ्यांना ठाऊक. काका त्यावर फार बोलले नाहीत. फक्त, "आमची भाकरी कुठून यायची, हे कुणी लिहून नाही ठेवलं," म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

संध्याकाळी समितीची बैठक. मी खालच्या खणातली सगळी पुस्तकं यादीतून वगळली होती. कार्यवाहांचा प्रश्न रास्त होता: "स्लिप कोरी आहे, मग वाचली गेल्याचा पुरावा काय?" मी गुलाबी रेघेचे तुकडे टेबलावर ठेवले. एक सदस्य हसले, पण पुरावा म्हणून ते काही चालणार नव्हते. शेवटी ठरलं की वाचनकक्षात बसून वाचणाऱ्यांची वेगळी नोंदवही ठेवायची. हैती आणि अमेरिका वर्षभर राहिली, पुढे वही बघून ठरवू.

दुसऱ्या दिवशी वहीचे रकाने आखायला मी काकांनाच बसवलं. त्यांनी पट्टी मागितली आणि सरळ वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीच्या हिशेबाचा तक्ता आखला: तारीख, वेळ, पुस्तकाचा नंबर, कुठल्या पानावर चढले, कुठल्या पानावर उतरले. कार्यवाहांनी शेवटच्या दोन रकान्यांवर हरकत घेतली. मी ते तसेच ठेवलेत.