बार्कर्स पूलमधल्या त्या दोघी

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात सिटी हॉलच्या दगडी खांबांचे जागोजागी टवके उडालेत. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० मध्ये, समोरच्या बार्कर्स पूल चौकात पडलेल्या जर्मन बॉम्बच्या त्या खुणा. त्या महिन्यात दोन रात्री झालेल्या हल्ल्यांत शहरातली ६६० हून अधिक माणसं गेली. त्यांतली ७० च्या आसपास एकट्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात, आसरा घेतलेला असताना. मैत्रिणीच्या सासूबाईंनी मला आधी खांब दाखवले, मग स्वतःच्या आईविषयी बोलायला लागल्या.

आई दुकानात कामाला होती. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने बिनलग्नाच्या तरुणींनाही युद्धकामावर घेणं सुरू झालं आणि ती पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर गेली. शिडीने थेट छताखालच्या केबिनमध्ये चढायचं; खाली रसरसलेलं पोलाद, वर धूर. एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरणं नाही. मधे बाईला लघवीला जावं लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! शेजारच्या क्रेनवरच्या पुरुषापेक्षा पगार मात्र कमी.

घरी रेशन. चहा आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. आमच्या घरी तेवढ्यात पाहुणेसुद्धा निभायचे नाहीत. लढाई संपली तरी रेशन संपलं नाही. गोळ्या-चॉकलेटं खुली झाली फेब्रुवारी १९५३ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या राणीच्या राज्याभिषेकापेक्षा सासूबाईंना तो दिवस जास्त पक्का आठवतो.

पुरुष परतले, तशी आईची नोकरी गेली. निरोप नाही, आभार नाहीत. अशा कितीजणी असतील. २००९ मध्ये कॅथलीन रॉबर्ट्स या जुन्या कामगार बाईंनी 'शेफिल्ड स्टार' या वर्तमानपत्राला फोन करून हीच खंत बोलून दाखवली, आणखी तिघी त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, आणि जून २०१६ मध्ये सिटी हॉलसमोर मार्टिन जेनिंग्ज यांनी घडवलेला 'विमेन ऑफ स्टील' हा ब्राँझचा पुतळा आला. कामाच्या कपड्यांतल्या, हातात हात गुंफलेल्या दोघी. आई तोवर हयात नव्हती.

मला पुतळा फार आवडला. सासूबाईंचं मत वेगळं. "फारच स्वच्छ आहेत गं या. आई घरी आली की तिच्या नाकातून काळं निघायचं." दोघींचा तोरा मात्र त्यांना मान्य होता. पगाराच्या दिवशी आई अशीच दिसायची म्हणे.